झांजीबारपासून सुरू होणारा अल्बम

माझ्या वर्गमित्राकडं तिकिटांचा छापील अल्बम होता. लाल पुठ्ठ्याचा, मुंबईहून आणलेला. प्रत्येक देशाचं पान वेगळं, वर देशाचं नाव आणि खाली चौकोनांच्या रांगा. काही चौकोनांत तिकिटाचं फिकट चित्र आधीच छापलेलं असायचं. म्हणजे त्या चित्रातलं तिकीट मिळालं की ते त्यावर लावायचं. पहिल्यांदा तो अल्बम मी हातात घेतला तेव्हा माझ्या मनात आलं, याला आपल्याकडं काय नाही तेसुद्धा माहीत आहे. माझ्याकडं काय नाही हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तेव्हा आम्ही उस्मानाबादच्या सरकारी शाळेत वरच्या वर्गात होतो. राज्य निजामाचं, शिक्षण उर्दूतून, सुट्टी शुक्रवारची. मित्राचे वडील वकील होते. मामा मुंबईला एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते आणि तिथं जगभरातून येणारी पाकिटं ते भाच्यासाठी राखून ठेवायचे. माझे वडील लोहारा गावाकडं मेंढरं राखायचे. आमच्या घरात चौथीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. बोर्डिंगात राहायला जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, पुस्तकं मिळाली. ज्या लोकांनी हे केलं त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण उपकार मानणारा माणूस हेवा करत नाही, असं काही नाही.

वडील लोकर घेऊन बाजाराला आले की बोर्डिंगात डोकावायचे. एकदा माझी तिकिटं त्यांना दाखवली. त्यांनी एक उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, "ह्यावर कुणाचं तोंड हाय?"

"विलायतेच्या राजाचं."

"आन् मागं थुकी लावून चिटकवायचं व्हय? राजाच्या पाठीला?" ते हसले. "मेंढराच्या कानाला लावाय येतील का बघ. खुणंला बरी."

माझा अल्बम म्हणजे कचेरीतलं जुनं, अर्धं वापरलेलं रजिस्टर होतं. ते उजवीकडून उघडायचं, कारण कचेरीचं सगळं काम उर्दूत. मीही तसाच उजवीकडून सुरू झालो होतो आणि तिकिटं डिंकानं पक्की चिकटवून टाकली होती. निम्मीअधिक तिकिटं निजाम सरकारचीच होती, आणि त्यातली पुष्कळशी एकसारखी.

हे रजिस्टर पाहिलं ते आमच्या जुन्या मास्तरसाहेबांनी. ते गणित शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. आझाद चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. बीबी वारलेल्या, मुलगी हैदराबादला दिलेली. घरात ते, एक स्वयंपाकीण बाई आणि तिकिटं. त्यांनी माझं रजिस्टर चाळलं आणि कपाळाला हात लावला.

"बेटा, तिकिटाला डिंक लावतात का? हे तर दफन केलंस."

मग त्यांनी मला परातीत पाणी घेऊन तिकीट कसं सोडवायचं, टीपकागदावर पालथं कसं सुकवायचं आणि पातळ कागदाची दुमडलेली पट्टी मागं लावून ते कसं टांगायचं ते शिकवलं. पट्टीचा गुण असा, की तिकीट हवं तेव्हा निघतं आणि त्याला इजा होत नाही. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की मी त्यांच्याकडं जाऊ लागलो.

मित्राला तिथं मीच नेलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं अनेक वर्षं मला ते आठवायचं. माझ्याकडंही कुणी मोठा माणूस आहे हे मला त्याला दाखवायचं होतं. तो आला, त्यानं लाल अल्बम मास्तरसाहेबांपुढं ठेवला, आणि त्या दुपारी माझ्या परातीतली तिकिटं तशीच पाण्यात राहिली.

मास्तरसाहेबांचा स्वतःचा अल्बम फार जुना होता. तरुणपणी त्यांनी तो विलायतेहून मागवला होता. हिरवं कापडी बांधणीचं, जाड, छापील पुस्तक. त्यावर सोनेरी अक्षरं होती, ती आता बोटांनी चाचपूनच कळायची. छापील पानं भरून गेली होती. जादा तिकिटं त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांवर लावून पानांमध्ये सरकवली होती. त्यामुळं पुठ्ठे मिटत नव्हते आणि अल्बम सुतळीनं बांधावा लागायचा.

"ही किताब पोटुशी झाली," मास्तरसाहेब म्हणाले. "आता मोकळी करावी लागेल."

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. तो अल्बम पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीचा. त्यानंतर जगात कितीतरी नवे देश झाले होते, जुने मोडले होते. पोलंडला पान नाही, इराकला नाही, झेकोस्लोव्हाकियाला नाही. आणि ऑस्ट्रियाच्या बादशहाला मात्र ऐसपैस जागा.

नवा अल्बम कोणता घ्यावा यावर आमचे कितीतरी शुक्रवार गेले. मित्र म्हणायचा, छापीलच घ्या, माझ्यासारखा. मास्तरसाहेब म्हणायचे, छापील अल्बम ज्या दिवशी छापतात त्या दिवसापासून शिळा व्हायला लागतो. शिवाय दुसरी लढाई चालू होती, विलायतेचा माल येत नव्हता. मुंबईच्या एका दुकानाची माहिती मित्राच्या मामांनी पाठवली. तिथं सुट्या पानांचा अल्बम मिळत होता. पेचाच्या खिळ्यांनी पानं आवळायची, लागेल तसं पान घालायचं. मास्तरसाहेबांना तो फार आवडला, पण तोही संपलेला होता. शेवटी ठरलं की पानं इथंच करायची आणि गावातल्या जिल्दसाजाकडून बांधून घ्यायची. तो कोर्टाची रजिस्टरं, शाळेची पुस्तकं आणि कुराणं बांधायचा. त्याची शिवण कधी सुटली नाही असं सगळे सांगायचे. त्याला सांगून मधेमधे अरुंद कोऱ्या पट्ट्या शिवून घ्यायच्या, म्हणजे पुढं नवं पान आलं तर ते खळीनं पट्टीला चिकटवता येईल.

त्याच दिवशी मास्तरसाहेब सहज बोलले, "आणि ही म्हातारी रिकामी झाली, की ती तुमच्या दोघांतल्या एकाला देऊन टाकीन."

कुणाला ते बोलले नाहीत. मित्र त्या वेळी भिंगातून एक तिकीट बघत होता, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र त्या दिवसापासून दुसरं काही मागितलं नाही. त्याच्याकडं तर होताच छापील. तो हिरवा अल्बम मला मिळावा, हे मला इतकं उघड वाटायचं, की मास्तरसाहेबांना ते वेगळं सांगायला का हवं, हेच कळत नव्हतं. आणि सांगायची लाजही होती. बोर्डिंगातल्या पोरानं मागू नये, दिलं तर घ्यावं, हे आम्ही सगळेच शिकलो होतो.

काम सुरू झालं. देशांची नावं कोणती आणि कोणत्या क्रमानं, हे पाहायला मित्राचा लाल अल्बम उघडून ठेवला, कारण तो नव्यातला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून पानांवर इंग्रजीत नावं लिहायचं काम मला मिळालं. जुन्या अल्बमातली तिकिटं सोडवून नव्या पानावर मांडायचं काम त्याला. मी जमिनीवर बसून 'अबिसिनिया' लिहीत होतो आणि तो मास्तरसाहेबांच्या शेजारी गादीवर बसून चिमट्यानं त्यांची चाळीस वर्षांची कमाई उचलत होता. तिकीट हातात आलं की मास्तरसाहेब त्याची गोष्ट सांगायचे. हे अदनच्या एका हाजीनं दिलं, हे पुण्यात एका गोऱ्याशी बदललं. गोष्ट मलाही ऐकू यायची. पण सांगताना ते बघायचे त्याच्याकडं.

"अरे, तुझं अक्षर म्हंजे छापखाना हाय गड्या," मित्र मला म्हणायचा. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. ती असती तर मला बरं झालं असतं.

सगळी पानं लिहून झाली. पानांचा क्रम चुकू नये म्हणून मी कोपऱ्यात आकडे घातले आणि गठ्ठा जिल्दसाजाकडं दिला. त्यानं पानांची उंची बघितली, डावीकडं सोडलेला हाशिया, म्हणजे कोरा समास, बघितला, पट्ट्या कुठं कुठं ते विचारलं आणि म्हणाला, "ठेवा. पुढच्या जुम्म्याला."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं अल्बमाभोवती बसलो. खाकी कापड, चामड्याचे कोपरे, सुरेख काम. मास्तरसाहेबांनी "बिस्मिल्ला" म्हणून पुठ्ठा उघडला. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात 'झांजीबार' लिहिलेलं होतं.

त्यांनी एक पान उलटलं. युरुग्वे. पुढं तुर्कस्तान. मग त्यांनी अल्बम उलटा धरून शेवट काढला. अबिसिनिया तिथं बसली होती.

काय झालं ते हळूहळू उलगडलं. नावं मी इंग्रजी लिहिली, पण कोपऱ्यातले आकडे सवयीनं उर्दू घातले होते. जिल्दसाजाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. शिवण हाशियावर घालायची हे त्याला बरोबर कळलं, पण एक आकड्याचं पान त्यानं त्याच्या हिशेबानं किताब जिथून सुरू होते तिथं, म्हणजे उजवीकडं, लावलं. त्याची सगळी किताबं तिथूनच सुरू होत. आणि खरं सांगायचं तर आमचीही. गठ्ठा देताना मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

शिवण उसवली तर पानं फाटणार. कागद दुसरा मिळणार नव्हता, लढाईच्या दिवसांत तो कसाबसा जमवलेला. मास्तरसाहेब चष्मा काढून डोळे चोळत बसले. हिरवा अल्बम माझ्या हातातून गेला, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "साहेब, राहू द्या की असाच. झांजीबारवाल्यांचा आजपर्यंत कधी पहिला नंबर आला नसंल. बिचारे दर अल्बमात शेवटी बसतेत. एकदा तरी पहिल्या बाकावर येऊ द्या त्यांना."

मास्तरसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हसायला लागले. इतके हसले, की स्वयंपाकीण बाई दारात येऊन उभी राहिली. "बाई, चहा टाका," ते म्हणाले, "झांजीबारच्या सुलतानाची ताजपोशी आहे आज."

त्यानंतर कुणी पाहुणा आला, की ते अल्बम दाखवायचे आणि ही गोष्ट सांगायचे. गोष्टीत मित्राचं वाक्य असायचं. मी असायचो तो आकडे घालणारा. ते रागावले नाहीत, उलट माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "याच्या चुकीमुळंच तर मजा आली." चूक माझी, मजा त्याची. मी त्या वेळी हसायचो. माझ्या बापानं मला शिकवलं होतं की मोठी माणसं हसली की हसावं.

हिरवा अल्बम रिकामा झाला, पण दिला गेला नाही. मास्तरसाहेबांनी तो पलंगाखालच्या पेटीत ठेवला. म्हणाले, बघू. मी दर शुक्रवारी त्या पेटीकडं बघायचो आणि मित्राकडंही बघायचो, की तोही बघतो का. तो कधी बघत नसे. पुढं पुढं मला त्याच्या त्या न बघण्याचाच राग यायला लागला.

मग देश स्वतंत्र झाला, आणि आम्ही मात्र होतो तिथंच, निजामाच्या राज्यात. सरहद्दीकडं लुटालूट वाढली. पुष्कळ कुटुंबं बार्शीला, म्हणजे भारताच्या हद्दीत, निघून गेली. मित्राच्या वडिलांनीही बिऱ्हाड हलवलं. तो निघाला त्या दिवशी मला वाईट वाटलं, ते खरं वाटलं. पण त्याच्याबरोबर दुसरं एक वाटलं, तेही खरं होतं. आता शुक्रवार माझे एकट्याचे.

झालं उलटंच. मास्तरसाहेबांची नजर कमी होत चालली होती. मी जाऊन तिकिटं सोडवायचो, सुकवायचो, मांडायचो, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ते म्हणायचे, "जीते रहो." आणि मग विचारायचे, "बार्शीचं काही आलं का?"

येत होतं, कधीमधी. पहिल्या पाकिटावर नव्या हिंदुस्थानचं झेंड्याचं तिकीट होतं. मास्तरसाहेबांनी ते भिंगाखाली धरलं, मग गालाला लावलं, जणू ते ऊन आहे की थंड ते बघायचं होतं. पत्र मला वाचायला लावलं. त्यात विशेष काही नव्हतं. बार्शीत शिकवणी लावली आहे, सायकल शिकलो, झांजीबारच्या सुलतानाला सलाम सांगा. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. आवाज मात्र जरा सपाट ठेवला.

त्या तिकिटासाठी नवं पान हवं होतं. मी कागद कापला, खळ शिजवली आणि कोऱ्या पट्टीला पान चिकटवलं. जिल्दसाजाच्या त्या पट्ट्या पहिल्यांदा कामाला आल्या. पानावर मी 'हिंदुस्थान' लिहिलं, आकडा घातला नाही. मास्तरसाहेबांनी बोट फिरवून शिवण तपासली आणि म्हणाले, "बरं झालं. तो असता तर खूश झाला असता."

निजामाचं राज्य गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरसाहेबांची मुलगी त्यांना न्यायला आली. ती म्हणाली, आता इथं एकटं राहायचं नाही. सामान बांधताना त्यांनी खाकी अल्बम स्वतःच्या मांडीवर ठेवला. निजामाच्या तिकिटांचं पान माझ्याकडून उघडून घेतलं, पाहिलं आणि म्हणाले, "यात आता फार काही यायचं नाही. जागा उरली तर उरू दे." मग पेटी ओढायला सांगितली आणि हिरवा अल्बम माझ्या हातात दिला.

इतक्या दिवसांनी तो मिळाला. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "मला काय करतो. त्यानं सांगितलं होतं."

"कुणी?"

"तुझ्या दोस्तानं. बार्शीला जायच्या आधी आला होता भेटायला. मी म्हटलं, हा तू घेऊन जा, आठवण म्हणून. तर म्हणाला, साहेब, माझ्याकडं छापील आहे, त्याच्याकडं न्हाय. त्याला द्या. पण लगेच नका देऊ, त्याला वाटेल मी गेलो म्हणून त्याला मिळाला." मास्तरसाहेब हसले. "पोरगा अक्कलवाला."

मी अल्बम छातीशी धरून बोर्डिंगात आलो. रात्रीचं जेवण गेलं नाही. जे मला स्वतःच्या नावानं मिळावं असं वाटत होतं, ते त्याच्या नावावरून मला मिळालं होतं. मास्तरसाहेबांचे उपकार मी मानत आलो होतो. आता त्याचेही मानायचे होते, आणि ते मला जड गेले.

अल्बम मी नीट पाहिला तो दुसऱ्या दिवशी. पानोपानी फिके चौकोन होते, जिथं चाळीस वर्षं तिकिटं होती. माझ्या तिकिटांसाठी जागा करू लागलो आणि जुनीच अडचण पुढं आली. पोलंड नाही, इराक नाही. या सगळ्या देशांची तिकिटं मला कुठं लावायची?

त्याच उन्हाळ्यात घोंगड्या विकायला वडिलांबरोबर बार्शीला गेलो. त्यांना बाजारात बसवून मी मित्राचं घर शोधलं. तो धावत खाली आला आणि त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला. त्याची उंची वाढली होती. वर त्याच्या खोलीत कोपऱ्यात क्रिकेटची बॅट होती.

"म्हातारी मिळाली का रं तुला?"

"मिळाली."

"मग?"

मी त्याला पोलंडचं सांगितलं. त्याचे आभारही मानायचे होते, पण ते शब्द आधी आले नाहीत, पोलंड आधी आला.

त्यानं फळीवरून लाल अल्बम काढला. त्यावर धूळ होती. मी दोन वर्षं ज्या अल्बमाला हात धुतल्याशिवाय शिवत नव्हतो, त्यावर त्यानं फुंकर मारली आणि मांडीवर उघडला. "मी आता करत न्हाय हे," तो म्हणाला. "येळच मिळत न्हाय. कोणते कोणते देश न्हाईत तुझ्यात?"

मी नावं सांगत गेलो आणि तो पानं फाडत गेला. तिकिटांसकट. पोलंड, इराक, झेकोस्लोव्हाकिया, लिथुआनिया. मी म्हणालो, "अरे थांब, पट्टीनं धरून फाड, कडा खराब होतील." तो म्हणाला, "कडा तू कापून घे की, तुझा हात चांगला हाय." मग त्यानं ती पानं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "चहा घेणार का ताक?"

फाडताना त्याचा हात कुठंही अडखळला नाही. परतीच्या वाटेवर मी तेवढंच आठवत होतो. वडील म्हणाले, "काय गावलं?" मी म्हणालो, "पानं." ते म्हणाले, "मग त्वांड असं का?"

ती पानं मी हिरव्या अल्बमात पट्ट्या लावून बसवली. जिल्दसाजानं शिकवली तशी खळ केली होती, ती आजही सुटलेली नाही. पुढं मी पदवी घेतली, नोकरी केली, आणि जगात देश होत गेले तशी पानं वाढवत गेलो. त्याची पानं माझ्या पानांपेक्षा पांढरी आहेत आणि बोटभर आखूड. शिवण तिथं जाड झाल्यामुळं अल्बम कुणाच्याही हातात दिला, की तो आपोआप पोलंडपाशी उघडतो. बघणारे म्हणतात, ही पानं किती छान राहिली आहेत. मी सांगतो, ती माझ्या एका मित्रानं दिलेली आहेत. आणि पान उलटतो.